दीर्घ समास : लांबी आणि अर्थ

जगातील सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न विक्रमांच्या पुस्तकात शोभणारा आहे, व्याकरणाच्या वर्गात नव्हे, असे मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात सर्वस्वी चुकीचा नाही. शब्दाची लांबी मोजण्याचे मापच मुळी निश्चित नसते. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या काळातील (१५२९-१५४२) कवयित्री तिरुमलांबा हिच्या 'वरदाम्बिकापरिणयचम्पू' या काव्यातील एक समास गिनेस बुकाने जगातील सर्वांत लांब शब्द म्हणून नोंदविला आहे. देवनागरीत त्याची अक्षरे १९५ भरतात, रोमन लिपीत उतरविला की ४२८. वेल्समधील 'ल्लानवाइर' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या प्रसिद्ध ग्रामनामात रोमन वर्ण ५८ असले, तरी वेल्श वर्णमालेप्रमाणे ती संख्या ५१ होते. कारण आपण ज्यांना दोन वर्ण समजतो, त्यांपैकी काही जोड्या वेल्श माणसाला एकच वर्ण वाटतात. लिपी बदलली की विक्रम बदलतो. तेव्हा लांबीचा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल : एवढा लांब शब्द वाचणाऱ्याला कळतो कसा? आणि जेथे तो कळत नाही, तेथे नेमके काय बिघडलेले असते? प्रस्तुत लेखात संस्कृत, ग्रीक व जर्मन या भाषांतील काही दीर्घ समासांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा असून, त्या अनुषंगाने मराठीच्या समासप्रवृत्तीकडेही पाहावयाचे आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'लांब शब्द' या सदरात जे जे सांगितले जाते, ते सगळे समास नसतात. तुर्की भाषेतील एक नमुना नेहमी दिला जातो. 'चेकोस्लोवाकिया' या नामाला एकापुढे एक प्रत्यय लावत जाऊन 'ज्यांना आम्ही चेकोस्लोवाकियाचे रहिवासी बनवू शकलो नाही त्यांपैकी आपण आहात काय?' असा अर्थ जवळजवळ एकाच पदात तेथे व्यक्त होतो. (तो देश १९९३ च्या आरंभी दुभंगला, परंतु तुर्की व्याकरणाच्या वर्गांतून तो अद्याप गेलेला नाही.) या शब्दात नाम एकच आहे, बाकी सारे प्रत्यय आहेत. हा विस्तार शेपटाकडून झालेला आहे, दोन स्वतंत्र शब्दांच्या मीलनातून नव्हे. वर उल्लेखिलेल्या वेल्श ग्रामनामाची गोष्ट आणखी वेगळी. 'वेगवान भोवऱ्याजवळच्या, पांढऱ्या हेझलवृक्षांच्या खळग्यातील मेरीचे देऊळ' अशा धर्तीचे एक वर्णन, त्यापुढे आणखी एका संताचे देऊळ आणि तांबडी गुहा, हे सारे एका ओळीत सलग लिहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात प्रवाशांचे लक्ष वेधण्यासाठी ते बनविण्यात आले. अंतर्गत पदांचे परस्परसंबंध तेथे वाक्यांशातल्यासारखेच राहिले आहेत, फक्त मधली जागा काढून टाकलेली आहे. इंग्रजीतील ४५ वर्णांचे फुप्फुसरोगाचे नाव, 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस', तर १९३५ साली कोडी सोडविणाऱ्यांच्या एका संघटनेच्या अध्यक्षाने सर्वांत लांब शब्द व्हावा याच हेतूने घडविले. अशा शब्दांना अर्थ असतो, पण गरज नसते. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

समासाचे तसे नाही. समासात दोन अर्थवान पदे एकत्र येतात, त्यांच्यातील संबंध दाखविणारा प्रत्यय गळतो, आणि तरीही तो संबंध ऐकणाऱ्याने ओळखावा अशी अपेक्षा असते. पाणिनीने समासप्रकरणाच्या आरंभीच (२.१.१) 'सामर्थ्य' ही अट घातली आहे : ज्या पदांचे अर्थ परस्परांशी जुळू शकतात त्यांचाच समास होतो. विभक्तिप्रत्ययांचा लोप सांगणारे सूत्र पुढे (२.४.७१) येते. म्हणजे व्याकरणकाराच्या दृष्टीने अर्थसंबंध आधी, प्रत्ययलोप नंतर. वाचकाचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा असतो. त्याच्या हाती लुप्त प्रत्ययांचा शब्द येतो आणि त्यावरून त्याला अर्थसंबंध शोधून काढावा लागतो. या शोधालाच आपण विग्रह म्हणतो.

एक साधा प्रयोग करून पाहू. 'राजपुरुष' म्हणजे राजाचा माणूस. त्याचे घर 'राजपुरुषगृह', त्या घराचे दार 'राजपुरुषगृहद्वार', ते राखणारा 'राजपुरुषगृहद्वारपाल', त्याचा मुलगा 'राजपुरुषगृहद्वारपालपुत्र'. मराठीत हाच अर्थ सांगताना 'राजाच्या माणसाच्या घराच्या दाराच्या राखणदाराचा मुलगा' असे पाच वेळा 'चा-च्या' म्हणावे लागते. संस्कृतने पाचही वेळा ते गिळले आहेत. परंतु हे गिळणे फुकट नाही. तत्पुरुष एका वेळी दोनच घटकांचा होत असल्याने, सहा पदे क्रम न बदलता दोन-दोनांच्या गटांत एकूण ४२ प्रकारे बांधता येतात. तीन पदे असतील तर दोनच प्रकार, चार असतील तर पाच, पाच असतील तर चौदा. पदागणिक शक्यता किती वेगाने वाढतात हे यावरून दिसेल. येथे 'राजाच्या पुरुषगृहाचा द्वारपालपुत्र' अशी जुळणीही व्याकरणाला मान्य आहे, आपण ती केवळ अर्थाच्या बळावर नाकारतो. म्हणजे दीर्घ समास कळण्याचे श्रेय व्याकरणाइतकेच वाचकाच्या जगाविषयीच्या ज्ञानाला आहे. घराला दार असते आणि दाराला राखणदार असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा शब्द सुटतो.

एकाच शब्दाचे दोन विग्रह संभवले तर काय होते, याचे प्राचीन उदाहरण 'इन्द्रशत्रु' हे होय. त्वष्ट्याने इंद्राचा नाश करणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला. त्याला अभिप्रेत होते 'इंद्राचा शत्रू', म्हणजे इंद्राला मारणारा. हा तत्पुरुष, आणि त्याचा उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर असतो. उच्चारताना स्वर पहिल्या अक्षरावर गेला, आणि शब्द बहुव्रीही झाला : 'इंद्र ज्याचा शत्रू आहे असा'. परिणामी वृत्राने इंद्राला मारण्याऐवजी इंद्राने वृत्राला मारले. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना या कथेचा आधार घेतला आहे. वैदिक भाषेत स्वर हा विग्रहाचा साक्षीदार होता. अभिजात संस्कृतातून तो नाहीसा झाला आणि साक्षीदाराविना खटला चालविण्याची पाळी वाचकावर आली. आधुनिक जर्मनमध्ये या अडचणीचे घरगुती रूप आढळते. 'श्टाउबेकेन' या अक्षरावलीचे 'श्टाउ-बेकेन' असे तुकडे पाडले तर अर्थ होतो पाणी अडविण्याचा जलाशय, आणि 'श्टाउब-एकेन' असे पाडले तर धूळ साचलेले कोपरे. बोलताना आघातामुळे व किंचित विरामामुळे संशय राहत नाही. छापील शब्द मात्र मुका असतो.

आता तिरुमलांबेच्या त्या १९५ अक्षरी समासाकडे वळू. त्याची लांबी सर्वांना माहीत असते, अर्थ पाहण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही. खरे तर त्याचा अर्थच विलक्षण आहे. कांचीच्या परिसरातील तुण्डीर प्रदेशाचे ते विशेषण असून समास बहुव्रीही आहे : 'ज्या प्रदेशातील वाटसरूंचे तहानेचे क्लेश दूर झाले आहेत असा'. हा गाभा समासाच्या अगदी शेवटी येतो. त्याआधीचे सारे घटक, तहान कशाने दूर झाली, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. म्हणून हा शब्द उलट्या क्रमाने सोडविला तरच उलगडतो. तहान दूर केली ती डोळ्यांच्या निर्मळ किरणांनी. कोणाच्या डोळ्यांच्या? पाणपोईवरील मुलींच्या (कवयित्रीचा शब्द 'पानीयशालिका', आणि आपली पाणपोई अर्थाने तिची सख्खी बहीणच). ते किरण कसे? पाण्याच्या धारेलाही मागे सारणारे. ती धार कशी? वेलदोडा, लवंग, कापूर, कस्तुरी यांच्या सुगंधाने दाटलेली, हलकी, गोड, थंडगार, मुलींच्या कमळासारख्या हातांतील झारीतून गळणारी. पाणपोई कोठे? आंब्याच्या झाडांच्या तळाशी, बिछान्यासारख्या मऊ वाळूवर. आणि ते आंबे कसे? दिशा अंधारून टाकणारे, मकरंदाचे थेंब गाळीत असल्यामुळे पावसाळी मेघांचा भास करून देणारे.

समास सरळ क्रमाने ऐकणाऱ्याला प्रथम अंधारलेल्या दिशा भेटतात, मग ढग वाटावेत असे काही, मग आंबे, वाळू, पाणपोई, मुली, पाणी आणि सर्वांत शेवटी डोळे व तहानलेला वाटसरू. म्हणजे दूरवरून उन्हातून चालत येणाऱ्या माणसाला ज्या क्रमाने ते दृश्य दिसेल, त्याच क्रमाने पदे रचलेली आहेत. त्याला प्रथम काळोखी दिसते, ढगच आले असे वाटते, जवळ गेल्यावर आमराई असल्याचे कळते. वाक्यात हे साधले नसते असे नाही, पण वाक्यातील क्रियापदे जागोजागी थांबे घेतात. समासात थांबा नाही, वाटसरूलाही नाही. शेवटी पाणी पिऊन तहान भागत नाही, पाणी देणारीच्या नजरेने भागते, ही कलाटणी अखेरच्या काही अक्षरांत आहे. एवढ्या लांब शब्दाचे समर्थन हवे असेल तर ते येथे आहे. तरीही हा शब्द पहिल्या वाचनात कोणाला कळला असेल असे मला वाटत नाही. तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विदग्ध श्रोतृवर्गासाठी आहे, आणि त्या काळी तसा वर्ग राजसभेत होता.

संस्कृत साहित्यशास्त्राने समासाच्या लांबीला केवळ हौस मानले नाही, तो शैलीचा निकष ठरविला. दंडीच्या 'काव्यादर्शा'त समासबाहुल्य हे ओज या गुणाचे स्वरूप आणि गद्याचे जीवित म्हटले आहे. दाक्षिणात्य कवी ते गद्यापुरते राखतात, इतर मात्र पद्यातही त्याचाच आश्रय घेतात, अशी कोपरखळीही त्याने मारली आहे. नवव्या शतकातील रुद्रटाने तर रीतींची विभागणी सरळ पदसंख्येवर केली : समास मुळीच नसेल ती वैदर्भी, दोन-तीन पदांचे समास असतील ती पांचाली, पाच-सात पदांचे असतील ती लाटीया, आणि शक्ती असेल तितकी पदे जोडलेली असतील ती गौडी. विदर्भाचे नाव समासविरहित रीतीला मिळाले आहे, याची नोंद मराठी वाचकाने सुखाने घ्यावी, त्यावरून प्रादेशिक अभिमान मात्र उभारू नये. रीतींची ही नावे रुद्रटाच्या काळापर्यंत भूगोलापासून बरीच सुटलेली होती.

या विषयातील सर्वांत मार्मिक विवेचन आनंदवर्धनाचे आहे. 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात त्याने असमासा, मध्यमसमासा व दीर्घसमासा अशा तीन प्रकारच्या संघटनांचा विचार केला. दीर्घ समास रौद्र रसाला साहाय्यक ठरू शकतो हे तो मान्य करतो. परंतु करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत, तसेच रंगभूमीवर सादर व्हावयाच्या काव्यात, तो दीर्घ समास टाळण्यास सांगतो. कारण असे की समासाचे अनेक प्रकारे विग्रह संभवतात, त्यामुळे अर्थप्रतीती रेंगाळते, आणि प्रतीती रेंगाळली की रस मध्येच अडतो. येथे प्रश्न भारदस्तपणाचा किंवा सोपेपणाचा नाही, वेळेचा आहे. शोक करणाऱ्या पात्राचा शब्द प्रेक्षकाला त्या क्षणी कळावा लागतो. वर ४२ जुळण्यांचा जो हिशेब केला, त्याचा रसानुभवावर होणारा परिणाम आनंदवर्धनाने हजार वर्षांपूर्वी ओळखला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दीर्घ समास ही केवळ संस्कृतची मिरास होती असेही नाही. नाशिकच्या लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील जो लेख आहे, त्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव केला आहे. तो प्राकृतात आहे आणि समासांनी गच्च भरलेला आहे. त्यातील 'तिसमुदतोयपीतवाहन' हे विशेषण पाहा : ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आहे असा. पाच पदांत राज्याच्या सीमा सांगितल्या, घोडे पाण्याशी नेऊन उभे केले, आणि 'जिंकले' हे क्रियापद उच्चारलेच नाही. ज्या भूमीत पुढे मराठी उदयाला आली, तेथील आरंभीच्या राजभाषेला लांब समासांचे वावडे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ग्रीक भाषेतील जो शब्द नेहमी सांगितला जातो, तो अ‍ॅरिस्टोफेनीसच्या एका प्रहसनातील आहे. इसवी सनपूर्व ३९१ च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या या नाटकात अथेन्समधील स्त्रिया वेषांतर करून लोकसभा ताब्यात घेतात, खाजगी मालमत्ता रद्द करतात आणि सर्वांसाठी सामुदायिक भोजनाची घोषणा करतात. शेवटी वृंद त्या भोजनातील पक्वान्नाचे नाव उच्चारतो, तो हा सुमारे १७१ ग्रीक वर्णांचा शब्द. 'लोपादो-तेमाखो-सेलाखो-गालेओ…' अशी त्याची सुरुवात. ताटली, माशाचा तुकडा, मुशी जातीचे मासे, पुढे मध, रानपक्षी, कबुतरे, कोंबडा, ससा, आटविलेला द्राक्षरस, अशी ही यादी आहे. आपल्या परिभाषेत बोलायचे तर वृत्ती द्वंद्वाची आहे. घटकांत गौण-प्रधान भाव नाही, म्हणून तिरुमलांबेच्या समासासारखा तो उलटून सोडवावा लागत नाही. जिभेला मात्र घाम फुटतो. खरी गंमत त्यानंतर आहे. एवढे नाव ऐकवून वृंद प्रेक्षकाला लगबगीने ताटली घ्यायला सांगतो, आणि सोबत डाळीचे पिठलेही घ्यायला सांगतो, म्हणजे जेवायला काहीतरी असेल! घोषणा १७१ वर्णांची आणि हाती पडणार पिठले. लांब शब्दाचा असा राजकीय उपयोग पुढच्या काळातही अनेकांनी केला, फक्त तो त्यांनी विनोद म्हणून केला नाही.

जर्मन भाषेचे समास मार्क ट्वेनच्या १८८० च्या निबंधापासून थट्टेचा विषय झाले आहेत. त्यातील सर्वांत गाजलेला शब्द मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी जन्मला. गुरांतील मेंदूच्या रोगाची साथ पसरली असताना मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याच्या विधिमंडळात १९९९ साली एक कायदा आला. त्याचे संक्षिप्त (!) नाव होते 'रिंटफ्लाइशएटिकेटीरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबेनयूबरट्रागुंग्सगेझेत्स', रोमन वर्ण ६३. संस्कृतच्या साहाय्याने तो मराठीत आणल्यास 'गोमांसनामपत्रणपर्यवेक्षणकार्यहस्तांतरणाधिनियम' असा काहीसा होईल. २०१३ साली तो कायदा रद्द झाला आणि शब्दही व्यवहारातून गेला. थट्टा बाजूला ठेवून पाहिले तर हा समास अत्यंत शिस्तीचा आहे. मांस, त्याचे नामपत्रण, त्यावर देखरेख, ते कार्य, त्याचे हस्तांतरण, त्याचा अधिनियम : प्रत्येक टप्प्यावर आधीचा संपूर्ण समास पूर्वपद होतो व एकच नवे उत्तरपद जोडले जाते. आपल्या राजपुरुषाच्या द्वारपालाप्रमाणेच ही चढती शिडी आहे. सहा-सात पदे असूनही वाचकाला संभ्रम पडत नाही, तो एवढ्यामुळेच.

त्या शब्दातील 'स' हा वर्ण विशेष लक्षणीय आहे. 'एटिकेटीरुंग' हे नाम स्त्रीलिंगी असून त्याच्या षष्ठीच्या रूपात 'स' कधीच येत नाही, तरी समासात तो येतो. म्हणजे तो विभक्तिप्रत्यय नव्हे, केवळ सांधा आहे. 'येथे एक घटक संपला' एवढेच तो सांगतो. संस्कृतातील अलुक् समासांत (युधिष्ठिर, सरसिज, वाचस्पती) खरी विभक्ती टिकून राहते, जर्मनमध्ये विभक्तीसारखे दिसणारे पण विभक्ती नसलेले चिन्ह येते. वाचकाच्या दृष्टीने या सांध्याचे मोल फार मोठे आहे.

मराठीत असा सांधा आहे काय? आहे, पण त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. 'घोडा' हा एकच शब्द घ्यावा. 'घोडदळ', 'घोडेस्वार' आणि 'घोडागाडी' अशा तीन समासांत त्याची तीन रूपे होतात. 'पाणी' 'पाणबुडी'त आणि 'पाणलोटा'त 'पाण' होते, 'लोणी' 'लोणकढ्या'त 'लोण' होते. 'कांदेपोहे', 'आंबेडाळ' यांत एकार येतो. 'बटाटेवडा' आणि 'बटाटावडा' ही दोन्ही रूपे तर एकाच रस्त्यावरच्या दोन पाट्यांवर दिसतात. पूर्वपदाचे असे आखूड किंवा बदललेले रूप ऐकू आले की पुढे आणखी काही येणार हे श्रोत्याला उमगते. 'घोड' एवढेच म्हणून कोणी थांबत नाही. जर्मन 'स'चे काम येथे स्वराच्या लोपाने किंवा विकाराने होते.

मात्र या देशी सांध्यांवर मराठी लांब समास उभारीत नाही. दोन पदांवर ती बहुधा थांबते. 'पाणबुडीचालक', 'घोडेस्वारपथक' अशी तिसरी वीट चढलीच तर ती प्रायः संस्कृत असते. तीन-चार देशी पदे एकत्र येतात ती 'तेलमीठतिखट' अशा यादीतच, म्हणजे अ‍ॅरिस्टोफेनीसच्या पक्वान्नाच्या जातीची. मराठीला लांबी मिळते ती दुसऱ्या टोकाला. 'गावाकडच्यांसाठीसुद्धा' हा शब्द पाहा. नाम एक, आणि त्यामागे सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, पुन्हा षष्ठी, पुन्हा सामान्यरूप, पुन्हा अव्यये. या बाबतीत मराठी संस्कृतपेक्षा तुर्कीला जवळची वाटते. आपल्या अभ्यासक्रमात समासांना पानेच्या पाने दिली जातात आणि या शेपटांना चार ओळी, हे प्रमाण संस्कृत व्याकरणाच्या साच्यातून आलेले आहे, मराठीच्या स्वभावातून नव्हे.

म्हणूनच मराठीत दीर्घ समास जेव्हा येतो तेव्हा तो बहुधा उसना असतो : छत्रपतींच्या बिरुदावलीतील 'क्षत्रियकुलावतंस', पंडित कवींची विशेषणे, किंवा मग रेल्वेच्या सिग्नलसाठी 'अग्निरथगमनागमन…' या अक्षरांनी सुरू होणारा तो महाविद्यालयीन विनोद. हा विनोद आपल्याला का हसवितो याचा विचार करण्याजोगा आहे. त्यातले एकही पद अपरिचित नाही. हसू येते ते मराठी कानाला तिसऱ्या पदानंतर श्वास घ्यायचा असतो म्हणून.

शासनव्यवहाराची मराठी घडू लागल्यापासून, म्हणजे १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून, हा श्वास घेण्याचा एक सोपा मार्ग रूढ झाला आहे : पदे जोडायची, पण लिहायची सुटी. समासातील प्रत्यय तर गाळायचे, आणि समास झाल्याची खूणही ठेवायची नाही. वास्तविक मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत ही खूण शाबूत राखलेली आहे. स्वतंत्र लिहिताना 'मंत्री', 'विद्यार्थी', 'प्राणी', पण समासाच्या पूर्वपदी 'मंत्रिमंडळ', 'विद्यार्थिमंडळ', 'प्राणिसंग्रह'. हा ऱ्हस्व इकार म्हणजे तत्सम शब्दांपुरता आपला 'स'च आहे. 'विद्यार्थी मंडळ' असे तोडून आणि दीर्घ लिहिले की तो नाहीसा होतो. शुद्धलेखनाची चूक म्हणून तिला अर्धा गुण कापून आपण मोकळे होतो, अर्थाच्या दृष्टीने काय गेले हे विद्यार्थ्याला सांगत नाही.

'माजी मंत्रिपुत्र' असे वृत्तपत्रात येते. माजी कोण, मंत्री की पुत्र? पतंजलीने या प्रकारचा प्रश्न उपस्थित केलेला आहे. समासात विरघळलेल्या गौण पदाला बाहेरचे विशेषण लागू शकत नाही, हा सामान्य नियम. मात्र 'देवदत्ताचे गुरुकुल' अशा प्रयोगात देवदत्ताचा संबंध गुरूशी असूनही समास होतो, कारण अर्थ निःसंशय कळतो. 'माजी मंत्रिपुत्र' त्याच सवलतीवर जगतो. पुत्र माजी होऊ शकत नाही, म्हणून आपण सावरून घेतो. पण 'महिला अत्याचार' या सर्रास छापल्या जाणाऱ्या जोडीत महिलांवरील की महिलांनी केलेले, हे शब्द सांगत नाही, आपल्या समाजाची ओळखच सांगते. राजाच्या द्वारपालाबाबत घराला दार असते हे ज्ञान पुरले, येथे पुरणारे ज्ञान अधिक दुःखद आहे.

साहित्यविचारात तर विग्रहावरून वाद झालेले आहेत, ते त्या नावाने झाले नाहीत इतकेच. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून 'दलित साहित्य' म्हणजे दलितांनी लिहिलेले, दलितांविषयी लिहिलेले, की दलित जाणिवेतून लिहिलेले, हा प्रश्न सतत चर्चिला गेला. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात लेखक, विषय आणि जाणीव या तिन्ही संबंधांची एकत्र अट मांडली. व्याकरणाच्या भाषेत, तीन विग्रहांपैकी एक निवडण्याऐवजी तिन्ही एकाच वेळी लागू केले. कोणते लेखन आत आणि कोणते बाहेर, हे त्या एका निर्णयावर ठरते. याउलट 'बालसाहित्य' म्हणताना मुलांसाठीचे साहित्य हा चतुर्थीचा संबंध आपण न विचारता गृहीत धरतो. मुलांनी लिहिलेले त्यातून आपोआप बाहेर राहते, आणि त्याविषयी कोणी तक्रार केल्याचे स्मरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेची मौखिक परीक्षा चालू होती. शीर्षक होते 'ग्रामीण स्त्री लेखन', तिन्ही पदे सुटी. बहिःस्थ परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला : यातील पहिले प्रकरण ग्रामीण भागात राहणाऱ्या लेखिकांविषयी आहे, दुसरे पुरुष लेखकांनी रंगविलेल्या ग्रामीण स्त्रियांविषयी, आणि तिसरे शहरी लेखिकांच्या ग्रामजीवनावरील कथांविषयी, मग तुमचा विषय कोणता? मुलगी गोंधळली. तिच्या दृष्टीने तिन्ही प्रकरणे शीर्षकात बसत होती, आणि शब्दशः पाहता ती बसतही होती. मार्गदर्शक म्हणून विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावर ते शीर्षक मान्य करून सही करणारा मीच होतो. दोन वर्षे मी तिच्याकडून प्रकरणे तपासून घेत होतो, संदर्भ पडताळत होतो, ऱ्हस्वदीर्घ सुधारीत होतो. शीर्षकाचा विग्रह कर, असे मात्र तिला एकदाही म्हटले नव्हते. त्या सायंकाळी आम्ही दोघांनी बसून तो केला. 'ग्रामीण स्त्रियांचे लेखन' असे ठरले, 'च्या'चा 'चे' परत आला, दुसरे व तिसरे प्रकरण काढावे लागले, आणि प्रबंधिका पुढच्या सत्रात पुन्हा सादर झाली.